लेकुरवाळीचे बिऱ्हाड

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड या पुणे जिल्ह्याच्या दोन पूर्वेकडील तालुक्यांचा इतिहास सांगताना लष्कराची छावणी, लोहमार्गाचे फाटे, सावकारांच्या रोख्यांची होळी आणि अलीकडच्या काळातील उसाचे मळे यांचाच उल्लेख बहुधा होतो. आणि तो वावगाही नाही, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या, वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पावसावर निर्वाह करणाऱ्या या मुलखात बाहेरची माणसे आली ती कोणत्या ना कोणत्या स्वारीच्या, चाकरीच्या किंवा मजुरीच्या निमित्तानेच आली. परंतु पदरी मूल आहे, मागे घर नाही, अशा अवस्थेत परक्या मुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या स्त्रीचाही येथे एक इतिहास आहे, आणि तो कुळकर्ण्याच्या दप्तरात सापडत नाही. अशा स्त्रीला अन्न, निवारा आणि काम यांची जरुरी असते हे कोणीही सांगेल. पण ती कामावर असताना तिचे मूल कोणी सांभाळावे, आणि त्या सांभाळण्याच्या मोबदल्यात सांभाळणाऱ्याने तिच्याकडून काय मागावे, हा त्याहून बिकट प्रश्न आहे. आणि दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी जे मुक्ती सदन उभारले, त्याचा वृत्तान्त मला या एका प्रश्नाचा वृत्तान्त वाटतो. त्याची सुरुवात मात्र केडगावी झाली नाही. ती इंग्लंड-अमेरिकेतील थंडीच्या गावांत, दोन वर्षांच्या एका मुलीच्या निमित्ताने झाली.

त्यापूर्वी आपल्याकडे काय व्यवस्था होती ती आधी पाहावी. ब्राह्मणी आणि तत्सम घरांत लेकुरवाळी विधवा सासरच्या स्वयंपाकघरात किंवा माहेरच्या माजघरात राहत असे; तिच्या मुलाचे संगोपन एकत्र कुटुंबात होई, आणि त्याची किंमत म्हणून तिने केशवपन, एकभुक्त आणि आमरण राबणूक पत्करावी, असा अलिखित करार असे. कुणबी आणि इतर कष्टकरी जातींत विधवेला पाट लावण्याची मोकळीक होती, पेशवाईत सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टीही घेत असे. परंतु नव्या घरी जाताना पहिल्या घरची मुले, विशेषतः मुलगे, बापाच्या भाऊबंदांच्या हवाली करून जाण्याचा रिवाज सर्वत्र आढळतो. म्हणजे एका समाजात स्त्रीने मूल राखावे आणि स्वतःचे आयुष्य सोडावे, तर दुसऱ्यात आयुष्य राखावे आणि मूल सोडावे, अशी वाटणी होती. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने वरिष्ठ जातींना पुनर्विवाहाची वाट मोकळी केली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाहित स्त्रीचा पूर्वपतीच्या मिळकतीवरील हक्क संपवला, आणि तिसऱ्या कलमाने पूर्वपतीच्या आप्तांना त्याच्या मुलांसाठी वेगळा पालक नेमून मागण्याची मुभा दिली. सुधारणेचा कायदासुद्धा मुलाच्या ताब्याच्या प्रश्नाशी येऊन थबकला होता.

शिरूर आणि भीमथडी (दौंडचा भाग तेव्हा याच तालुक्यात होता) यांच्या पट्ट्यात या वाटणीला दुष्काळाची आणि लष्कराची जोड होती. शिरूर ऊर्फ घोडनदी हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी फौजेचे ठाणे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठच्या कोरेगावी लढली. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांनी कोणाच्या आसऱ्याला जावे याची नोंद करण्याचे कोणाला कारण पडले नाही. पुढे १८५८ नंतर पुण्याच्या पूर्वेस लोहमार्ग सरकत गेला, भीमथडी तालुक्यातील पाटस, दौंड, केडगाव ही गावे आगगाडीच्या वाटेवर आली, आणि माणसाला गाव सोडून पोटामागे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी काळूराम सावकाराने देशमुखांवर हुकूमनामा बजावला, गावाने सावकारावर बहिष्कार घातला, आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडीतील सुपे गावच्या बाजारात रोखे, खते आणि वह्या यांची होळी झाली. दंगे शमतात न शमतात तोच १८७६ चा पाऊस चुकला. दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास पुरुषांइतक्याच बायका आल्या, कडेवरची आणि हाताशी धरलेली मुले घेऊन आल्या; सरकारी दरपत्रकात पुरुष, स्त्री आणि मूल यांच्या मजुरीचे वेगवेगळे रकाने होते, परंतु जिचा पुरुष मेला किंवा परागंदा झाला त्या बाईचा निराळा रकाना नव्हता. दुष्काळाच्या पाठोपाठ १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले.

दक्षिणेतल्या त्याच दशकाच्या उपासमारीत रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि थोरली कन्या यांचा अंत झाला. मागे राहिलेली भावंडे श्रीनिवास आणि रमा पायी हिंडत, पुराणे सांगत उत्तरेकडे गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमेला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, जात ओलांडून विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजी मनोरमा जन्मली. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या आजाराने पती वारले. ज्या स्त्रीला माहेर उरलेले नाही आणि आंतरजातीय विवाहामुळे सासरही मिळालेले नाही, तिला वर सांगितलेल्या दोन्ही व्यवस्थांपैकी एकही लागू पडत नव्हती. ती पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षकांची आणि स्त्रीवैद्यांची निकड मांडली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नावर भाड्याची तजवीज करून एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलीसह, आनंदीबाई भगत या सोबतिणीबरोबर विलायतेस निघाली. हेतू वैद्यक शिकण्याचा होता.

बर्कशायरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वाँटेज नावाचे जे लहानसे गाव आहे, तेथे सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांना ठेवून घेतले. या भगिनींची शाखा पुण्यात होती आणि ओळख तेथूनच झालेली होती. हिवाळ्यात जेथे दिवस आठ तासांचा होतो आणि शेकोटीवाचून खोलीत बसवत नाही, अशा गावी शाकाहारी बाईने आपले आणि लेकराचे जेवण, पांघरूण आणि भाषा कशी सांभाळावी, हा नित्याचा प्रपंच होता; पण खरी कसोटी निराळीच होती. त्याच वर्षी सोबतीच्या आनंदीबाईंनी आत्महत्या केली. कानांचा दोष आढळल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी आई आणि मुलगी या दोघींनी ख्रिस्ती दीक्षा घेतली. नंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या आश्रयाखाली शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या, आणि या अवधीत मनोरमेचा पुष्कळसा सांभाळ वाँटेजच्या भगिनी करू लागल्या. सिस्टर जेराल्डिन यांना मायलेकी ‘आजीबाई’ म्हणत. ज्या घरात खरी आजी दुष्काळात उपाशी मेलेली होती, तेथे हे नाव उगाच दिले गेले नसणार.

तथापि आजीपण आणि अधिकार यांची सरमिसळ होण्यास फार काळ लागला नाही. त्या काळचा रमाबाई आणि मठाच्या भगिनी यांचा जो पत्रव्यवहार प्रसिद्ध झालेला आहे, त्यात धर्मतत्त्वांचा काथ्याकूट भरपूर आहे. परंतु त्या काथ्याकुटाच्या बुडाशी वारंवार एकच तंटा दिसतो, तो असा की मुलीला कोणते धर्मसूत्र शिकवावे आणि कोणते शिकवू नये, हे ठरवण्याचा हक्क जिने तिला जन्म दिला तिचा, की जिने तिला आंघोळ घालून निजवले तिचा. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी स्वतःचे समाधान झाल्याशिवाय तो मुलीच्या तोंडी घालू देण्यास रमाबाई तयार नव्हत्या. आपल्या देशाचे नाव निघताच मुलीने लाजेने लाल व्हावे अशा रीतीने ती वाढू नये, हेही त्यांनी स्पष्ट कळवले. मठाच्या दृष्टीने ही कृतघ्नता होती. दुसरीकडे मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी या बाईने इंग्रज पुरुषांना शिकवू नये असे मत दिले, तेव्हा त्यांनी तोही उपदेश मानला नाही. आश्रय देणारा मायाळू असला म्हणजे आश्रयाची अट सौम्य असते असे नव्हे. ती मायेच्या भाषेत लिहिलेली असते आणि म्हणून तिचा प्रतिवाद करणाराच निष्ठुर ठरतो, हे ज्ञान रमाबाईंना वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत झाले.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर व्हायच्या होत्या, आणि प्राचार्य रेचल बॉडली यांनी त्या समारंभास रमाबाईंना बोलावले होते. आनंदीबाईंची हकीकत येथे नोंदण्याजोगी आहे, कारण थंडीच्या उपनगरात एकट्या मराठी स्त्रीने बिऱ्हाड करण्याचे ते पहिले ज्ञात उदाहरण. न्यू जर्सीतील रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या कुटुंबात त्यांना घरचे ऊबदार छत्र मिळाले. परंतु अभ्यासासाठी फिलाडेल्फियात आल्यावर धूर कोंडणारी शेगडी आणि ओल्या थंडीची खोली यांनी त्यांची आधीच नाजूक प्रकृती पोखरली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, परत आल्यावर काही महिन्यांतच, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. एकीला घर होते तोवर ती तगली, आणि नुसती खोली उरली तेव्हा ढासळली. मनोरमेच्या आईने ही गोष्ट जवळून पाहिली. मनोरमेला मात्र त्यांना काही काळ पुन्हा वाँटेजला पाठवावे लागले, कारण व्याख्यानासाठी गावोगाव फिरणाऱ्या बाईने पाच वर्षांचे मूल बर्फातून कोठे कोठे न्यावे? तंटा ज्यांच्याशी होता, त्यांच्याकडेच मुलगी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढील दोन-अडीच वर्षांत रमाबाईंनी अमेरिकेतून जे गोळा केले त्यात पैसा होता, आणि कारागिरीही होती. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघाले आणि त्याच्या विक्रीने पुढील कार्याचा पाया घातला. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिने दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी घेतली. याखेरीज त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला, आणि स्त्रियांनी चालवलेल्या संस्था बारकाईने पाहिल्या. १८८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात देखाव्यांच्या वर्णनापेक्षा शाळा, घरे, स्त्रियांचे कामधंदे आणि त्यांची मंडळे यांना जी जागा मिळाली आहे, ती प्रवाशाच्या कुतूहलाने मिळालेली नाही. आपल्या देशी जे उभारायचे त्याचा नमुना शोधणाऱ्या बाईने ती दिली आहे. लहान मुलांची शाळा ही मातेच्या स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे, हे त्यांना ग्रंथातून कळण्याची गरज नव्हती.

१८८९ च्या ११ मार्चला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई नातू. तिचाच विवाह पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची, असे ठरलेले होते. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. परंतु रमाबाई सकाळी आपल्या मुलीबरोबर स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि ज्या मुलींना कोणाची आई आपल्या लेकराला जवळ घेऊन बसलेली पाहायला मिळत नव्हती, त्या त्या दारातून आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने आक्षेपांची झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. वाँटेजच्या तंट्यात जी बाजू रमाबाईंनी मांडली होती, म्हणजे मूल सांभाळले तरी त्याचा धर्म घडवण्याचा अधिकार सांभाळणाऱ्यास येत नाही, तीच बाजू आता पुण्याचे पालक त्यांच्याविरुद्ध मांडत होते. रमाबाईंनी दार लावून घ्यावे असा सोपा उपाय सुचवला गेला. तो त्यांनी नाकारला, कारण तो मान्य करणे म्हणजे आपल्याच मुलीला आपल्या घरात चोरून वाढवणे झाले असते. या पेचात कोणत्याही एका पक्षाला पूर्ण दोष देता येत नाही, आणि म्हणूनच तो पेच गंभीर आहे.

केडगावची जमीन या वादळाच्या सुमारास आणि एका अत्यंत व्यवहारी विचाराने घेतली गेली. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार, तेव्हा पुढचा खर्च जमिनीने उचलावा, या हिशेबाने पुण्याच्या पूर्वेस पस्तीस-चाळीस मैलांवर, रेल्वे स्टेशनाजवळ, सुमारे शंभर एकर माळ खरेदी झाला. विहिरी खोदल्या, फळबाग लावली. ती नुसती बागच राहायची, पण १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे निराधार स्त्रिया आणि मुली घेऊन परतल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगाचा कहर चालू होता, आणि नव्या माणसांचा लोंढा शहरात राहू देण्यास सरकारी मनाई होती. इकडे सदनातील एक मुलगी प्लेगाच्या रुग्णालयात नेली गेली आणि तिचा पत्ता लागेना. तेव्हा १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये पत्र प्रसिद्ध करून प्लेगव्यवस्थेची कडक हजेरी घेतली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. मूल ताब्यात घेणाऱ्याने त्याचा हिशेब दिला पाहिजे, ही मागणी त्यांनी आधी मठापुढे केली होती आणि आता साम्राज्यापुढे केली. शहराचे दरवाजे बंद झाल्याने माणसे केडगावी उतरली. तात्पुरत्या आडोशांखाली संसार सुरू झाले, आणि मग चिरेबंदी इमारती चढल्या. या वसाहतीला मुक्ती सदन असे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली.

भीमथडीचा हिवाळा बर्फाचा नव्हे, पण उघड्या माळावरची ती कोरडी थंडी, दुपारी अंग तापवणारी आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास आणणारी, अस्थिपंजर झालेल्या शरीराला पुरेशी घातक असते. तीनशे काय किंवा दीड हजार काय, इतक्या जिवांना कांबळी आणि लुगडी पुरवायची तर ती विकत घेऊन भागणारे नव्हते. म्हणून सदनात माग बसले, शिवणकाम आले, आणि पुढे गोठा, तेलाचा घाणा, धोबीखाना, भाजीचे वाफे, छापखाना अशी एकेक शाखा वाढत गेली. छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या आणि पुस्तके बांधणाऱ्या बायकाच होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये याच हातांनी छापून पुरे केले. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. फसवल्या गेलेल्या आणि म्हणून कोठेही थारा नसलेल्या बायकांसाठी १८९९ मध्ये कृपा सदन निघाले, आणि तेथे मूल हा आईविरुद्धचा पुरावा समजला जात नसे. एवढ्या उद्योगात आईने मागावर बसावे आणि तिच्या लेकराकडे दुसऱ्या बाईने पाहावे, ही देवघेव कोणाच्या उपकाराखाली न होता वसाहतीचा रोजचा नेम म्हणून व्हावी, अशी ती रचना होती. वाँटेजला जे एका मठाने एका आईसाठी आपल्या मर्जीनुसार केले, ते येथे नियमाने आणि परस्पर चालू लागले. आणि माझ्या मते रमाबाईंच्या साऱ्या प्रवासाचे हेच फळ आहे.

परंतु इतिहासाने येथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केडगावी तटस्थतेचा करार उरला नव्हता. सदन उघडपणे ख्रिस्ती होते. १९०५ मध्ये तेथे जे धर्मजागरण झाले त्याची वार्ता देशोदेशी गेली. दुष्काळातून उचललेल्या मुलीला मागे कोणी पालक नव्हता, म्हणून पुण्यासारखा आक्षेप घेणाराही नव्हता. आणि ज्या बाईने आपल्या मुलीच्या मनावरचा परका अधिकार पत्रापत्रांतून परतवून लावला, तीच आता शेकडो मुलींच्या मनावरचा एकमेव अधिकार झाली होती. याचे समर्थन त्यांच्या श्रद्धेत आहे, आणि उपासमारीने मेलेल्या माणसाला कोणताच धर्म राहत नाही या खणखणीत उत्तरातही आहे. तरी तो अधिकार अधिकारच होता. सांभाळण्याची किंमत घेऊ नये हे तत्त्व ज्यांना स्वानुभवाने पटले होते, त्यांनाही ते संस्थेच्या मोठ्या आकारात पाळता आले नाही, ही गोष्ट त्यांच्यापेक्षा संस्थांच्या स्वभावाविषयी अधिक सांगते.

मनोरमेचे पुढे काय झाले, हे विचारल्याखेरीज हा वृत्तान्त पुरा होत नाही. मायदेशी ती आईच्या हाताखालीच वाढली, आणि पुन्हा शिक्षणासाठी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडील नॉर्थ चिली या बर्फाच्या गावच्या विद्यालयात राहून आली. परत आल्यावर मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, शारदा सदनाची आणि मुक्ती सदनाची धुरा आईबरोबर वाहू लागली, गुलबर्ग्याच्या शाळेचा पाया तिनेच घातला. दोन खंडांतील दायांच्या आणि भगिनींच्या हातून फिरलेली ही मुलगी मराठीतच कार्य करीत राहिली, आणि आपल्या देशाच्या नावाने लाजली नाही. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ती वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावीच देह ठेवला. ज्या आईने मुलीला हाताशी धरून प्रत्येक बिऱ्हाड मांडले, तिला अखेरचे साडेआठ महिने एकटीने काढावे लागले.

केडगावचे धडे ख्रिस्ती वर्तुळापुरते राहिले नाहीत. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई कर्वे, यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले ऐन तारुण्यात विधवा झाल्या तेव्हा पदरी एक मुलगा होता. त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात राबल्या, आणि १९१८ मध्ये आश्रमासाठी अमेरिकेस जाऊन तेथे घरकाम करीत इंग्रजी शिकल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मवृत्तात त्यांनी हे सांगितले आहे. रमाबाई विद्वान म्हणून त्या देशी गेल्या, तर पार्वतीबाई मोलकरीण म्हणून राहिल्या. दोघींनाही तिकडच्या घरांत जे दिसले त्याने इकडच्या घरांविषयीचा विचार बदलला.

भीमथडीत आजही एकट्या आया येतात. केडगावपासून जवळच चौफुला आहे, जेथून न्हावऱ्यावरून शिरूरला रस्ता जातो. तेथील संगीतबारीच्या थिएटरांतून बारीला उभ्या राहणाऱ्या कित्येक स्त्रियांनी बापाच्या नावाशिवाय मुले वाढवली, त्यांना गावी आजीकडे ठेवले, आणि घुंगरांच्या कमाईतून त्यांच्या शाळेचे पैसे धाडले. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिताना आईचे नाव आपल्या नावाच्या मध्यभागी ठेवले, तेव्हा त्या जगातील मुलाचा पक्ष प्रथमच मराठी वाचकांपुढे इतका स्पष्ट आला. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यापासून ऐन थंडीत मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरू लागल्या. त्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो; एकटी बाई अर्धा कोयता होते. मुकादमाकडून उचल मिळवणे तिला कठीण पडते, म्हणून तिला भावाशी किंवा मिसरूड न फुटलेल्या मुलाशी जोडी लावावी लागते. पहाटेच्या काळोखात ती फडात जाते तेव्हा धाकटे मूल कोपीत किंवा उसाच्या बांधावर असते. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही हंगामाबरोबर बंद पडल्या. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळीवर येणाऱ्या परित्यक्ता आणि विधवा स्त्रियांचीही कथा फार वेगळी नाही. त्यांचे मूल शेजारीण सांभाळते, आणि शेजारीण गावी गेली की खाडा पडतो.

केडगावच्या सदनाने या साऱ्यांपुढे एक मोजमाप ठेवले आहे, आणि ते त्याच्या धर्मापासून अलग करून वापरता येते. त्या माळावर काम आणि पाळणा ही एकाच जमाखर्चाची दोन पाने होती. साखर कारखान्याच्या, कंत्राटदाराच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या खातेवहीत काम एका पानावर लिहिले जाते, आणि पाळण्याचे पान परोपकारी मंडळींच्या मर्जीवर सोडले जाते. परोपकाराची अट केव्हाना केव्हा पुढे येते, हे वाँटेजच्या पत्रांपासून पुण्याच्या राजीनाम्यांपर्यंत आणि पुढे केडगावच्याही कारभारात दिसून आले आहे. म्हणून पाळण्याचा खर्च मजुरीच्या दरातच धरला जावा, तो मागताना बाईला कोणाचे ऋण, कोणाचा धर्म किंवा कोणाची जोडी पत्करावी लागू नये, आणि अर्धा कोयता हा हिशेबच मोडीत निघावा, एवढी मागणी या दोन तालुक्यांच्या इतिहासातून सरळ निघते. ती मान्य करण्यासाठी कोणा पंडितेची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.